कचरू टाइप करत आहे

३ नोव्हेंबर
नोकरी लागली! डिप्लोमा अर्धवट, तरी करमाडच्या शीतगृहात सर्जेरावसाहेबांनी प्रोग्रामर म्हणून घेतलं. खिडकीतून जालना रोड दिसतो. चहावाल्या आशाबाईंनी कपात साखर जास्त घातली. म्हणाल्या, कन्नडचा व्हय, उसाच्या गावचा, मग गोड लागंलच. माझ्याकडे कोल्डरूमच्या दाराची यंत्रणा. आत किती माणसं ते ती नावांवरून मोजते. शून्य झालं की आपोआप कुलूप.

५ नोव्हेंबर
कोड वाचला. माणसाचं नाव यादीतून काढायचं काम GET या हुकमावर ठेवलंय! GET म्हणजे नुसतं बघणं; बघितल्यानं काही बदलता कामा नये. काढायला DELETE असतं. इथं लिंक उघडली की नाव गेलं. साहेब हसले. म्हणाले, व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकली की सुपरवायझर राजकुमार दाबतो, काम होतं. तू लई शहाणा होऊ नको. मला नोकरीत पक्कं व्हायचंय. कोड बंद केला.

७ नोव्हेंबर
आशाबाईंनी विचारलं, लिंक न दाबता उघडती का रे? हो म्हणालो. टाइप करतानाच, खाली चित्र दाखवायला फोन ती स्वतः उघडतो. त्या बराच वेळ एकच कप विसळत राहिल्या. मग सांगितलं. त्यांचा मुलगा कचरू कोल्डरूममध्ये एकटाच पेट्या रचत होता. साहेबांनी त्याला कामावरून काढायची लिंक ग्रुपवर टाकली. कुणी दाबली नाही, तरी कुलूप लागलं. सकाळी तो गारठून मेलेला सापडला. पोरगं दारू पिऊन आत झोपलं, असं साहेबांनी पोलिसांना सांगितलं. बाबा, तू तरी नीट कर, म्हणाल्या. मी उद्या म्हणालो.

१२ नोव्हेंबर
ग्रुपवर कचरूच्या नंबरवरून लिंक आली. राजकुमारच्या नावाची. राजकुमार आत एकटाच होता.
आशाबाई म्हणतात, कचरूचा फोन त्यांनी चितेवर ठेवला होता.

१३ नोव्हेंबर
साहेबांनी तो नंबर ग्रुपमधून काढला. दुपारी तो नंबर पुन्हा ग्रुपमध्ये. साहेब म्हणाले, कोडला हात लावू नको, चूक आपली ठरंल. लावला नाही.

१५ नोव्हेंबर
साहेब व्यापाऱ्याला माल दाखवत होते. व्यापारी फोन घ्यायला बाहेर आला, तेवढ्यात ग्रुपवर साहेबांच्या नावाची लिंक— दारावर आतून नखांचे—
आशाबाईंनी आज चहात साखर जास्त घातली.

१६ नोव्हेंबर
DELETE लिहिलं. यंत्र कोल्डरूमच्या आतल्या भिंतीवर, नवा कोड तिथूनच चढवावा लागतो. आशाबाई म्हणाल्या, मी दारात उभी राहते. आत आलोय. मोबाइलवर लिहितोय. चाळीस टक्के—

ग्रुपवर हिरवी अक्षरं. कचरू टाइप करत आहे.

आशाबाईंना हाक मारली, दार धरा, मला बाहेर घ्या. बाहेरून दार लोटत म्हणाल्या, उद्या.

साठ टक्के— टाइप करत आहे— कचरू, मी नीट केलंय रे, हे बघ— नाही, बघू नको, बघू न—