आरशावरचा रिकामा चौकोन

हे वाचायला घेण्याआधी माझ्या मुलाने चष्मा शोधावा. तो कपाळावर असेल. तिथे नसेल तर दुकानात पावडरच्या डब्यामागे. स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारणारा हा माणूस लेकीचे शाळेपासूनचे गुण मात्र विषयवार म्हणून दाखवतो. तेव्हा त्याला स्मरणशक्तीच नाही असे कोणी म्हणू नये. ती एकाच कामाला जुंपलेली आहे, एवढेच.

मी, खाली डावा अंगठा उठवणारी, न्हाव्याची विधवा आणि न्हाव्याची आई, अक्षरशत्रू, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने सांगते आहे. डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. लिहिणारे गृहस्थ सारखे घड्याळाकडे बघतात तेवढाच. मी सांगेन तसे लिहायचे आणि मग मोठ्याने वाचून दाखवायचे, असे आमचे ठरले आहे.

कलम एक. दुकान नवऱ्यामागे माझ्या नावावर झाले. ते, मागची खोली, वस्तरे, कात्र्या आणि उरलेली एक खुर्ची मुलाला. दुसरी खुर्ची नातीच्या वसतिगृहापायी विकली. तिचे दुःख मला नाही, कोणी आव आणून हळहळू नये.

कलम दोन. सूनबाई इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरी पिळते. तिला माझी खिडकीजवळची खाट, आणि त्या खाटेवर भर दुपारी आडवे व्हायचा हक्क. या हक्काला मुलाने हरकत घेतल्यास ती चालणार नाही.

कलम तीन. समोरच्या शिंप्याला माझा टॉर्च. नात कॉलेजला निघाली तेव्हा तो म्हणाला होता, "न्हाव्याची पोर शिकून काय दिवे लावणार?" टॉर्च कित्येक वर्षांत लागलेला नाही. त्याने लावून दाखवावा.

"आजी, असे टोमणे कायद्यात बसत नाहीत," लिहिणारे म्हणाले.

बसत नसतील तर उभे राहू देत. लिहा.

कलम चार, आरसा. खरे तर याच्यासाठीच मी गुडघे धरून कोर्टाच्या पायरीपर्यंत आले.

दुकानातला भिंतभर आरसा सासऱ्यांच्या वेळचा. त्यावर नातीचा बक्षीस घेतानाचा पहिला फोटो लागला, तेव्हा खळ मीच शिजवून दिली होती. मग प्रशस्तिपत्रके आली, शिष्यवृत्तीचे पत्र आले, शेवटी पदवीचा झगा घातलेला फोटो. आता खुर्चीत बसलेल्याला स्वतःचे तोंड दिसत नाही. दिसते ती माझी नात, झगा घालून. अर्धे गिऱ्हाईक एक कल्ला वर, एक खाली घेऊन घरी जाते. तक्रार कोण करणार? गळ्याशी वस्तरा असताना "हुशार आहे हो पोर" याखेरीज कोणी काही बोलल्याचे मला आठवत नाही.

नात शिकते मातीतल्या बुरशीबद्दल. हिरवा पडलेला पाव पुढ्यात ठेवून तिने मला नीट समजावले आणि मला समजले. चिरंजिवांनी मात्र एका गिऱ्हाइकाला रॉकेट सांगितले, दुसऱ्याला कॅन्सरचे औषध. पोस्टमनला काय सांगितले कोण जाणे, तो हल्ली आमच्या विजेच्या बिलालाही सलाम करतो.

छाती माझीही फुगते, लपवू कशाला. लोक ज्या बाकावर नंबर लावून बसत, त्याच्याच खाली ही पोर कापलेल्या केसांत मांडी घालून गणिते करायची. घरी आली की तिची वही झटकावी लागायची.

पण झग्याच्या फोटोशेजारी मुलाने चार चिकटपट्ट्यांनी एक रिकामा चौकोन आखून ठेवला आहे. मोठ्या विद्यापीठातल्या पुढच्या शिक्षणाचे प्रवेशपत्र तिथे लागायचे आहे. "ही जागा रिझर्व्ह," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. नात मागच्या खेपेला आली, त्या चौकोनाकडे बघत चहा प्यायली, आणि राहायला म्हणून आलेली पोर संध्याकाळच्या बसने परत गेली. त्यानंतर ती घरी आलेली नाही.

आता ऐक, बाळा. तिचा मला फोन आला होता.

"आजी, यंदा मला घेतलं नाही गं. पुढच्या वर्षी परत अर्ज करीन. तोवर इथंच प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. बाबांना सांगू नकोस."

"मी जिवंत आहे तोवर नाही सांगणार," मी म्हणाले.

रडण्याच्या भरात तिने शब्दांकडे लक्ष दिले नाही. बुरशीकडे देते तेवढे दिले असते तर हुशार पोरीला कळले असते. तू हे वाचतो आहेस, म्हणजे मी वचन पुरते पाळले.

म्हणून आरसा मुलाला, पण अटीवर. मी गेल्यावर ती येईलच. तिची बस यायच्या आत चौकोन खरवडून काढावा. गरम पाणी आणि जुने पाते. तुला काय शिकवायचे? बाकीचेही उतरवून ट्रंकेत ठेवावे. एक फोटो ठेवायची परवानगी आहे, तोही दाराकडच्या कोपऱ्यात. मधल्या काळात तिला प्रवेश मिळाला असला, तरी चौकोन काढायचाच. नाहीतर तू त्याच्या पुढचा आखशील, मी तुला ओळखते.

अट मोडल्यास आरसा शिंप्याला जाईल.

तिला खुर्चीत बसव, लहानपणी फळी टाकून बसवायचास तशी. कपाळावर येणारे केस काप. समोर तिला तिचेच तोंड दिसू दे. गप्प राहणे जमत नसेल तर हवापाण्यावर बोल.

वरील सर्व मला वाचून दाखवले. दोन ठिकाणी लिहिणाऱ्यांनी माझे शब्द सौम्य केले होते, ते परत तिखट करून घेतले.

अंगठा: न्हाव्याची आई
साक्षीदार: शेजारची इस्त्रीवाली (सही), नातीच्या गावाला जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर (सही)
ठिकाण: कोर्टाबाहेरचे टेबल, एक पाय विटेवर
तारीख: दुकानाच्या सुट्टीचा दिवस, आकडा लिहिणाऱ्यांनी शिक्क्यात घातला आहे

पुरवणी, अंगठ्याची शाई वाळण्याआधी. बातमी कळवाल त्याच दिवशी ड्रायव्हरबरोबर तिला डबा पाठवावा. रडून झाले की तिला भूक लागते. उकडलेली अंडी, मीठ वेगळ्या पुडीत, आणि बटाटे जरा करपवलेले, तिला तसेच आवडतात. ड्रायव्हर वाटेत झाकण उघडतो, तेव्हा दोघांपुरते घालावे. आणि "पत्र आलं का?" अशी चिठ्ठी तू दर वेळी झाकणाखाली सरकवतोस, ती या वेळी नको. हात शिवशिवलाच तर तिला एवढेच लिही, "रिकामा डबा तू स्वतः घेऊन ये."