वहिनीचा ताप

प्रिय दादा,

माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या पडल्या असतील, तरी फाडू नकोस. कधीची लिहायला बसलेय; दोन ओळी झाल्या की उठते, घरभर फिरते, पुन्हा बसते.

मध्यंतरी मला टायफॉइड झाला होता. आता बरी आहे, केस तेवढे मूठमूठ गळताहेत. आजारपणात वहिनी फार आठवली. आपल्याकडे दोनदा आली, दोनदा तापाने फणफणली. आणि आई म्हणाली, सासरी आलं की बरा हिला ताप येतो! त्या एका वाक्यावरून तू घराशी संबंधच तोडलास.

लॅबमध्ये पुन्हा रुजू झाले, पण हा ताप आपल्याच घरातून कुणाकडून तरी येतो की काय, ही शंका काही जाईना. घरातल्या सगळ्यांचीच तपासणी करतात, असं सांगून मी आईचा शौचाचा नमुना घेतला. मला काय धाड भरलीय, म्हणून ती हसली. खरंच, तिला कधी साधी सर्दी होत नाही.

नमुन्यातले जंतू वाढवले आणि वेगवेगळ्या साखरांच्या लाल द्रावणांत सोडले. जंतूंनी साखर वापरून आम्ल केलं की द्रावण पिवळं पडतं; वायू सोडला तर आतल्या उलट्या, चिमुकल्या नळीत बुडबुडा दिसतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन उबपेटी उघडली. दुधातली साखर तशीच लाल. ग्लुकोज पिवळंधमक, आणि बुडबुडा नाही. टायफॉइडचा जंतू असाच वागतो. तरी मन मानेना, म्हणून पुढची खात्रीची चाचणी केली. तोच निघाला. आई ठणठणीत आहे, पण जंतू तिच्या पित्ताशयात ठाण मांडून बसलेत आणि हातावाटे आपल्या ताटात येतात.

सांगू कसं, या विचारात काही दिवस गेले. सांगितलं तेव्हा ती फळं चिरत होती. सुरी ठेवली, हात धुतले, पुन्हा धुतले. तेव्हापासून स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाही. माझं कच्चं-करपलं निमूट खाते, एकदाही नाव ठेवत नाही. दादा, आपली आई! मला तेच सोसत नाही.

औषधांनी जंतू हटले नाहीत. पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन करून पित्ताशयच काढावं लागेल. आई मात्र संमतीची सही करायला तयार नाही. डॉक्टरांनी समजावलं, मी रडले. तिचं एकच, "आधी सुनेला कळव. ती सोंग करत नव्हती, आजारीच होती. मग काय कापायचं ते कापा." म्हणून हे पत्र. फोन तू माझा आवाज ऐकूनच ठेवतोस. वहिनीला वाचून दाखवू नकोस, तिच्या हातात दे. ती रागावली तरी चालेल, पण काय म्हणाली ते लगेच कळव. आई बॅग भरून बसलीय.

तुझीच,
धाकटी