फिकी रेघ

२ नोव्हेंबर २०२०, सोमवार

पोचलो. वसमतहून हळदीच्या ट्रकमध्ये पोत्यांवर झोपून आलो. चिंचोटी फाट्याला उतरलो तेव्हा अंगाला इतकी हळद लागलेली की रिक्षावाल्यानं विचारलं, नवरदेव कुठे सोडू. हसलो. लई दिवसांनी हसलो.

गोखिवऱ्याला सुनंदाकाकूंच्या चाळीत उतरलोय. खोली तीच, दादाची. काकू इथल्याच जुन्या शेतकरी घरातल्या. आल्या आल्या बजावलं, पानी सकाळी सहालाच येतं, उठला नाहीस तर तोंड धुवायला खाडीवर जा. मग चष्मा वर करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, तू हर्षवर्धनचा धाकटा ना रे, नाक तेच आहे. बोंबलाचं कालवण वाढलं. चार वेळा भात घेतला.

मार्चमध्ये पुण्याचं हॉटेल बंद पडलं तेव्हा गावी जायच्या आधी दोन दिवस इथे राहून गेलो होतो. तेव्हा हेच कालवण पाण्यासारखं लागलं होतं. समुद्राकाठी राहता आणि मासळीला चव कशी नाही, म्हणून दादाला चिडवलं होतं. वरून पोट बिघडलं, अंग तापलं. दादानं स्वतःची गोधडी माझ्यावर घातली, त्याच्याच पेल्यातून पेज पाजली. आज बघतो तर मासळी झकास आहे.

वही दादाचीच आहे, कारखान्यात मिळालेली, सगळी कोरी. माझी शाळा सातवीत सुटली. नंतर वीटभट्टी, बोअरची गाडी, हॉटेल, खडीमशीन, कुठेच टिकलो नाही. इथे टिकायचंय. का ते लिहीन.

५ नोव्हेंबर

काम सरकारी दवाखान्यामागच्या बसक्या इमारतीत, पोस्टमार्टमचं. कंत्राटदारानं मार्कशीट मागितलंच नाही, उलटी होते का एवढंच विचारलं. गॉडफ्रे अंकल सत्तावीस वर्षं इथे चिरफाड करतात. त्यांचं म्हणणं, या धंद्यात एक बरं, गिऱ्हाईक परत येऊन कटकट करत नाही. मला पहिल्या दिवशी घाम फुटला तर म्हणाले, घाबरू नको बाबा, इथे चावणारे फक्त डास.

माझं काम रक्ततपासणी बघणाऱ्या विनिता मॅडमनी समजावलं. आजारानं गेलेला माणूस आमच्याकडे येत नाही. बुडालेला, गाडीखाली आलेला, वरून पडलेला, असा येतो. त्याच्या जांघेतल्या शिरेतून रक्त काढायचं, लाल बुचाच्या नळीत भरायचं, नंबर चिकटवायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचं. ज्याला कोरोना होऊन गेला त्याच्या रक्तात अँटीबॉडी राहते, मग त्याला स्वतःला कळलेलं असो नसो. जिवंत माणूस सुई बघून पळतो नाहीतर थापा मारतो. हे पळत नाहीत. म्हणून यांच्याकडूनच कळतं, रोग गुपचूप कुठवर गेला.

नळ्या मुंबईला जातात. पण एक थेंब इथेच तपासणीच्या पट्टीवर टाकायचा. रेघ उमटली की होऊन गेला समजायचं. मी विचारलं, रेघ फिकी आली तर. मॅडम म्हणाल्या, दिवस जातात तशी अँटीबॉडी कमी होते, पण माणसामाणसात फरक असतो, रेघ बघून तारीख सांगायला तू ज्योतिषी आहेस का.

मी मनात एवढंच धरलं. फिकी रेघ म्हणजे जुना ताप. ज्याचा जुना, त्यानं पुढच्याला दिला.

११ नोव्हेंबर

आता लिहितो.

दादा नऊ एप्रिलला गेला. वालीवला डब्यांच्या कारखान्यात होता. सगळं बंद असताना तिथे शटर पाडून आत काम चालू होतं. दवाखान्यात चार दिवस काढले. मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जाळला आणि आम्हाला फोन केला. आईनं त्याचं तोंड बघितलं नाही. आई रडलीसुद्धा नाही. रोज एकच विचारते, कुणी दिला माझ्या लेकराला. मी निघालो तेव्हा दारातच म्हणाली, तो सापडल्याशिवाय मला तोंड दाखवू नको.

अंकलना दादाचा फोटो दाखवला. त्यांना आठवला. म्हणाले, उंच पोरगा, चिरफाड नव्हती, न्यायला गाडी मिळेपर्यंत एक दिवस आमच्याकडे ठेवला होता, तीन नंबरच्या थंड कप्प्यात. पाय मावेनात, दार लावायला जोर लावावा लागला.

जेवणाच्या सुट्टीत तीन नंबरसमोर जाऊन उभा राहिलो. कप्पा रिकामा होता. दादा दरवर्षी जयंतीला, चौदा एप्रिलला, शिबिरात रक्त द्यायचा. कोपरातल्या कापसावर चिकटपट्टीची फुली मारायचा आणि दोन दिवस गावभर मिरवायचा. मी त्याला सांगितलं, दादा, आजवर तू दिलंस, आता घे. रेघ जितकी फिकी तितका ताप जुना, एवढं ध्यानात ठेव. मागे मागे जात जा. ज्यानं तुला दिला त्याला या टेबलावर आण. सुई मी मारतो.

आतून दाराला लाथ बसल्यासारखा आवाज झाला. अंकल बाहेरून ओरडले, कॉम्प्रेसर जुना आहे, लक्ष देऊ नको.

१८ नोव्हेंबर

काळूराम आला. दादाच्या खोलीतला तेव्हाचा जोडीदार, आता बायकोबरोबर दुसरीकडे राहायचा. पाचूबंदरला लिलावात मच्छी घ्यायला गेला होता, दोन होड्यांच्या मधे पडला.

डाव्या कोपरात कापूस. त्यावर चिकटपट्टीची फुली. भिजली होती, सुटली नव्हती.

पोलिसानं सांगितलं, बायको म्हणते आदल्या दिवसापासून होती, कुणी टोचलं ते त्याला आठवत नव्हतं. पट्टीवर रेघ आली, काळीकुट्ट. म्हणजे हा नव्हे. पण खरं लिहितो, मला आनंद झाला. दादा कामाला लागला.

२० नोव्हेंबर

काकूंनी आज सांगितलं. एप्रिलमध्ये रिक्षा मिळेना, शेजारी दार उघडेनात, तेव्हा काळूरामनं दादाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. काकू बोलत होत्या, मी भात चिवडत बसलो. तीन नंबरपाशी जाऊन हे सांगायला हवं होतं. गेलो नाही.

२५ नोव्हेंबर

हंसामावशी. दादाच्या खोलीला डबा द्यायची. सांडोरला केळफुलं आणायला गेली आणि वाडीतल्या विहिरीत गेली. तीस वर्षं त्याच विहिरीवर पाय धुवायची.

कापूस. फुली.

रेघ काळूरामपेक्षा फिकी. अंकलनी फुलीकडे बघितलं आणि छातीवर क्रूस केला. या वेळी विनोद केला नाही. मावशीच्या सुनेला मी लांबून बघितलं. ती पोलिसाला सांगत होती, सगळं बंद होतं तरी सासूबाईंनी त्या पोरांचा डबा एक दिवस चुकवला नाही.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, रडतोस कशाला, अजून मागे जा.

३ डिसेंबर

अल्पेश. कारखान्याचा सुपरवायझर. शटर पाडून काम करवणारा. हाच असावा म्हणून मी महिनाभर त्याच्या नावानं दात खात होतो. चिंचोटी फाट्याला मोटारसायकल घसरली. मी उतरलो होतो तिथेच.

फुली होतीच. रेघ सगळ्यात फिकी. नाचावंसं वाटलं. झालं. सापडला.

तिन्ही पट्ट्या मॅडमना नेऊन दाखवल्या. त्या चिडल्या. रेघेवरून असं ठरत नसतं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, म्हणाल्या. मावशीला आधी झाला असेल, याला नंतर. कुणी कुणाला दिला हे यातून निघतच नाही.

मला आता कळलं. पण दादाला कोण सांगणार. दादाची शाळा पण सातवीतच सुटली. त्याला मी जेवढं सांगितलं तेवढंच—

४ डिसेंबर

तीन नंबरपुढे हात जोडले. दादा, अल्पेशच होता, संपलं, झोप आता. लाथ बसली. मग आणखी एक.

अंकल बाजूलाच होते. कॉम्प्रेसरचं नाव काढलं नाही. बोटं मोजत बसले. एकाच खोलीची माणसं येताहेत, म्हणाले. त्या खोलीत आणखी कोण येऊन गेलं? मला विचारलं, तू कधी आला होतास का.

मी नाही म्हणालो.

का नाही म्हणालो.

५ डिसेंबर

सकाळी सहाला नळावर काकू. डाव्या कोपरात कापूस.

हसत होत्या. रेशनच्या रांगेत कुणी टोचलं काय रे, म्हणे, बघ तुझ्या दादासारखी फुली आहे. मी ती ओरबाडून काढली. त्या रागावल्या. हंडा उचलायला वाकल्या आणि— परत तिथेच होती.

ही वही पहिल्यापासून वाचली. पहिलंच पान. मासळीला चव नव्हती. मासळीला नव्हती की—

पोट नव्हतं बिघडलं.

६ डिसेंबर, रविवार

सकाळचे दहा. अंकल चर्चला गेलेत. किल्ली माझ्याकडे.

स्वतःचा थेंब टाकला. पंधरा मिनिटं बघितलं नाही. मग बघितलं. केसाएवढी. उजेडात धरली तरच दिसते.

मॅडम म्हणतील रेघेवरून ठरत नसतं. रेघ राहू दे. मला माहीत होतं. पुण्यातच ताप होता. तो मोडायला गोळी खाऊन आलो होतो. दादा, तुला सांगितलं नाही, दारातून परत पाठवशील म्हणून. पेला तुझा होता. गोधडी तुझी होती—

काकू आज भात झोडायला खाडीकडच्या शेतावर निघाल्या. थांबा म्हणालो, ऐकलं नाही. फुली तशीच घेऊन गेल्या.

दादा, काकूंना सोड. मागे बघ. मी इथे आहे, टेबलावर. बाही वर केली आहे. सुई घेतली आहे, मी मारतो म्हणालो होतो—

दार उघडलं. तीन नंबर. पाय आधी—

सुई हातातून— कोपरात कापूस आहे. मी नाही लावला. ओला आहे. फुली अजून—

अंकल, वही मिळाली तर आईला फोन करा. सांगा, सापडला. कोण ते तिला नका सां—