लॅन्सीचं ताट वेगळं ठेवू नकोस

मानपाडा, डोंबिवली पूर्व

प्रिय डेल्फिन,

प्रभू तुला आणि पोरांना बळ देवो. मी बरी आहे, गुडघाही कमी दुखतो. लॅन्सीला पेज तरी गिळता येते का?

फोन तू स्पीकरवर टाकतेस आणि नवरा शेजारीच असतो, म्हणून लिहिते. अन्ननलिकेच्या कॅन्सरमागे विषाणू असेल, त्याचं ताट वेगळं ठेव, असं मीच तुला सांगितलेलं. ते चुकलं. मासिकातला तो लेख मला अर्धाच कळला होता.

काल नौपाड्यात डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या रागावल्याच. "अहो मावशी, काही गाठींत एचपीव्ही नावाचा विषाणू सापडतो, काहींत नाही. त्यानेच हा कॅन्सर होतो, हे अजून ठरलेलं नाही. आणि ताटावाटीतून कॅन्सर लागत नाही!"

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. पत्र मिळताच त्याला तुमच्यात जेवायला बसव.

माझ्या फिलिपच्या कॅन्सरातही मी शेवटचे चार महिने त्याचं ताट वेगळं ठेवलं. त्याला कळलेलं. उठवत नव्हतं, तरी म्हणायचा, "माझं मी घासतो गं, तू दमतेस."

आणि मी घासू दिलं.

तुझी मोठी बहीण,
फेलिशिया