जखम त्यांची, आंघोळ यांची

३ ऑक्टोबर, मंगळवार

आज माझी वाटणी व्हायची होती. झाली नाही!

इस्पितळातल्या माझ्या पलंगाच्या एका अंगाला नगरपालिकेचा पार्टिंग्टन, दुसऱ्या अंगाला आरोग्यखात्याची हॅलमबाई. मधे मी, उजवी बाजू लुळी. माझा खर्च कुणी उचलायचा, यावर जुंपली.

“यांना उपचार लागतात. म्हणजे त्या तुमच्या,” पार्टिंग्टन म्हणाला.

“छे हो! यांना नुसती देखभाल लागते. तुमच्याच त्या!”

शिळी मासळी एकमेकांच्या पिशवीत ढकलावी तशी मला ढकलत होते. पायावरची जखम आरोग्यखात्याची, हे दोघांना मान्य. पण तिच्या भोवतीचा पाय नगरपालिकेचा! आंघोळ घालताना जखमेला मलम लावलं, तर ती आंघोळ कुणाची? यावर चांगली शिकलेली माणसं घसा कोरडा करत होती. एवढी वर्षं मी लीड्सच्या रस्त्यांवर बस चालवली. दारुडे पाहिले, उतारूंची मारामारी पाहिली. असला मूर्खपणा नाही पाहिला.

जीभ अडखळते म्हणून माझं बोलणं पुरं व्हायच्या आत दोघं मान डोलावतात. लिहिताना अडखळत नाही म्हणावं, डाव्या हातानं का होईना!

५ ऑक्टोबर

क्लाइव्ह आला. माझा नवरा. नंदीबैल! पार्टिंग्टन बोलला की “बरोबर, साहेब.” हॅलमबाई बोलली की “अगदी खरं, बाई.” दोघं नेमकं उलटं बोलतात, हे याच्या गावीही नाही.

मला गिळता येत नाही हे ठाऊक असून सफरचंदाचा केक घेऊन आला. स्वतःच खाल्ला. मग खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागला. नवरा बायकोला भेटायला येतो आणि घोरतो! पलीकडच्या बाईनं मला विचारलं, “हे पण पेशंट का हो?”

९ ऑक्टोबर

अखेर एका मुद्द्यावर दोघांचं गूळपीठ जमलं. “घरी मिस्टर सग्डेन आहेतच की!”

म्हणजे क्लाइव्ह आहेच की. म्हणजे फुकट! अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यानंच मला उचललं, पुसलं, रात्री उठून उठून कूस बदलली. मग घास छातीत गेला आणि मी इथं येऊन पडले. आता परत त्याच्याच गळ्यात. वर हॅलमबाई गोड हसून म्हणाली, “किती प्रेमळ आहेत हो तुमचे यजमान!”

यजमान खाली बुटांकडे बघत होते. म्हटलं, अरे, तोंड उघड की कधीतरी! उघडलं. “बरोबर, बाई.”

१० ऑक्टोबर

पार्टिंग्टन रजेवर. त्याच्याशिवाय निर्णय होणार नाही म्हणे. त्याच्यासकट तरी कुठं होत होता?

१७ ऑक्टोबर

आज कमाल झाली! बैठकीत पुन्हा तेच “मिस्टर सग्डेन आहेतच”. आणि क्लाइव्ह उठून उभा राहिला. टोपी हातात.

“मी हिला घरी नेणार नाही.”

पार्टिंग्टनची लेखणी थांबली. हॅलमबाई म्हणाली, “तुम्ही थकलाय, घरी जाऊन जरा विचार—”

“केलाय. नेणार नाही.”

मग काय! फुकटचा माणूस हातचा गेल्यावर दोघांची अक्कल ठिकाणावर आली. रात्री कूस कोण बदलणार, ठसका लागला तर कोण बघणार? नर्सच हवी, म्हणजे मी आरोग्यखात्याची! नर्सिंग होम, म्हणजे कायमचं राहायचं, दिमतीला नर्स, सगळा खर्च त्यांचा. हॅलमबाईचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं.

हसू दाबता दाबता मलाच ठसका लागला. काय तो क्लाइव्हचा आवाज, काय तो चेहरा! आमचा नंदीबैल एवढा पक्का निघेल असं वाटलं नव्हतं. आता फक्त सांगायचं, तीच नर्स आमच्या घरी पाठवा. तसं करता येतं, मी सिस्टरला विचारून ठेवलंय.

१८ ऑक्टोबर

क्लाइव्ह आल्या आल्या म्हटलं, “काय नाटक वठवलंस रे! आता नर्स घरीच मागून घे.”

तो उभाच राहिला. मग म्हणाला, “नाटक नव्हतं ते, ग्लेनिस. नर्स असली तरी नको.”

आणि याला मी नंदीबैल म्हणत होते!