रामभाऊंच्या चार चाली

३ जानेवारी १९८८
कमळाकर आला होता. आज! हेंद्रेपाड्यात, माझ्या दारात, पेढ्यांचा पुडा घेऊन. सतरा वर्षांत मेली की जगली विचारलं नाही मेल्यानं. तेव्हा कोरसमध्ये मागे उभा राहायचा, आता रामभाऊंच्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष!

रामभाऊंना जाऊन वर्ष होतंय. त्यांच्या नाटकांतली लोकांनी न ऐकलेली पदं घेऊन अंबरनाथला कार्यक्रम करणार म्हणे. चार पदांचे शब्द सापडलेत, चाली नाहीत. रामभाऊंनी जन्मात नोटेशन लिहिलं नाही. पेटीवर बसायचे, नटीच्या गळ्यात चाल घालायचे, झालं. आणि ही चार घातली होती फक्त माझ्या गळ्यात.

"द्रौपदीताई, आता तुम्हीच वाचवू शकता."

वाचवते की! चहासुद्धा विचारला नाही.

४ जानेवारी
डोकं ठिकाणावर नाही. कॅम्प तीनला कारखान्यात तीन जीन्सची काजं वाकडी गेली. शेठ ओरडला, "ध्यान किधर है, बाई?"

ध्यान एकाहत्तर सालात आहे, शेठ. पहिला प्रयोग. मी रंग लावून, नऊवारी नेसून विंगेत उभी. दुसरी घंटा झाली आणि रामभाऊ आले. "तुझी चारही पदं गाळली. नाटक लांबतंय." काल तर लांबत नव्हतं, मी म्हटलं. तर सगळ्यांदेखत — "हे संगीत नाटक आहे, बाई. जयंतीच्या स्टेजवरचा गळा इथे चालत नाही."

आठ महिने तालमीत चालला होता! मुंबईहून आणलेल्या हिरॉईनला दुसरी गाणारी नको होती, एवढंच. बाबासाहेबांच्या जयंतीला गाते याची लाज मला तेव्हा नव्हती, आजही नाही. पण तीन अंक मुक्यासारखी उभी राहिले त्या दिवशी. नाटकात परत पाय ठेवला नाही.

१० जानेवारी
ठरलं. शिकवणार. पण त्यांच्या चाली नाही! माझ्या मनाच्या, भलत्याच. तालमीत ऐकलेलं सतरा वर्षांनी कुणाला आठवणार? रडायच्या पदाला उडता ठेका, शृंगाराला रडगाणं. लोक फिदीफिदी हसतील. हाच का तुमचा थोर रामभाऊ, म्हणतील. आता गाळून दाखवा, रामभाऊ!

१७ जानेवारी
तुळशी नावाची मुलगी पाठवलीय शिकायला. गळा गोड आहे. "ताई, काय चाल आहे हो!" काय असणार? भाजी निवडताना सुचलेली.

एक पंचाईत आहे. शिकवता शिकवता मध्येच खरी चाल तोंडात येते. म्हणून मशीनवर दिवसभर खोटीच घोकते. खरी आली की जीभ चावते.

२४ जानेवारी
चौथंही शिकवून झालं. एकही सूर त्यांचा नाही. जिवाला गार वाटलं.

७ फेब्रुवारी
झाला कार्यक्रम. मागच्या रांगेत बसले, लोक कधी हसतात ते बघत. कुणी हसलं नाही! 'वात जागी राहिली' या पदाला बायका पदरानं डोळे पुसत होत्या. वन्स मोअर — दोनदा! कमळाकर माईकवर म्हणतो, "रामभाऊंचं सर्वांत मोठं काम आज तुमच्यापुढे आलं!"

अरे मुडद्या, माझं आहे ते! ओरडणारच होते. पण ओरडून सांगू काय? की मी तुम्हाला फसवलं? टाळ्या माझ्या, नाव त्यांचं. मेल्यावरही लुटलं मला त्या माणसानं.

घरी येईपर्यंत जळत होते. मग सुचलं. लुटू दे. त्यांच्या खऱ्या चाली तर कुणाला मिळाल्याच नाहीत! त्या माझ्याकडे आहेत, माझ्याबरोबर जळतील. एवढा मोठा सूड मी ठरवून घेतला नसता.

१४ फेब्रुवारी
भागीरथीबाई आल्या होत्या, रामभाऊंच्या बायको. सत्तरी उलटलेली, काठी टेकत, एकट्या. पाणी प्यायल्या आणि सरळच म्हणाल्या, "त्या त्यांच्या चाली नाय. तू दुसरंच काय शिकवलंस."

मी रिकामा पेला उचलून आत ठेवला.

"घरी आंघोल करताना म्हनायचे गं. मला गाता येत नाय, पन वलखता येतं." मग काठी बाजूला ठेवली. "ते तुला बोलले तवा मी विंगेतच होते, गजरे घेऊन. मी बोलायला पायजे होतं. नाय बोलले. कुनाला सांगनार नाय मी. फकस्त एक चाल म्हनून दाखव. एकदाच."

नाही म्हणणार होते. त्या चाली माझ्याबरोबर जळतील, असं आठवड्यापूर्वीच तर ठरवलं होतं! पण त्यांच्याकडे बघवेना. पेटी ओढली, सूर धरला. मग म्हटलं, घसा बसलाय, उद्या या.

१५ फेब्रुवारी
खाडा केला. सकाळपासून पेटीवर बसलेय. चारही पदं म्हणून पाहिली, पुन्हा पुन्हा. माझ्याच चाली येतात. त्यांची एकही येत नाही. भागीरथीबाई पाच वाजता येतील.