रस्त्याकडेच्या लिंबाखाली

२२ ऑगस्ट १९९३
रजा वाढवून घेतली. डेपोत कारण सांगताना शब्द फुटेना. "घरी अडचण" एवढंच म्हणालो. डेपोतल्या ह्याच लोकांना अमोलच्या बारशाचे पेढे दिले होते.

अमोलचा ताप दुपारनंतर वाढत गेला. लहान मुलांचे डॉक्टर नारायणगावला. चुलते शंकरनाना जीप घेऊन आले. ओढ्यावर पोचलो तर फरशीवरून पाणी चाललेलं. पलीकडं एक ट्रक उभा, अलीकडं आम्ही. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, उतरंल आता. उतरलं नाही. मग जीप उलटी वळवून जुन्नरकडं. रस्ता कसला, नुसते खड्डे. सुमन सारखी म्हणत होती, हळू घ्या, त्याला हादरे बसत्यात. मग म्हणायची थांबली.

तेव्हाच मला

२५ ऑगस्ट १९९३
त्या दिवशीचं लिहून ठेवतो. पुन्हा लिहिणार नाही.

लहानाला जाळत नाहीत. माझे वडील तात्या, शंकरनाना आणि मी, तिघंच गेलो. मी बाप असून तात्यांनी मला पुढं होऊ दिलं नाही. खड्डा स्वतः घेतला. आमच्या मळ्याच्या रस्त्याकडेच्या बांधाला, लिंबाखाली. खडकाळ आहे तिथं, नांगर जात नाही, म्हणून. वर मोठाले दगड रचले.

परत येताना तात्या म्हणाले, "आईला जागा सांगायची नस्ती. पाय तिकडंच वढत राहातो."
मी मान हलवली. त्या वेळी कशालाही हलवली असती.

११ फेब्रुवारी १९९४
ड्युटी जुन्नर-ना.गाव, चार फेऱ्या. मळा आला की मी तिकिटांच्या ट्रेमध्ये डोकं घालतो. आज एका म्हातारीनं विचारलं, कंडक्टर, बरं न्हाई का? म्हटलं, धूळ गेली डोळ्यात.

सुमननं पहिल्यांदाच विचारलं. भाकरी थापता थापता, वर न बघता. "कुठं ठिवलंय त्याला?"
मी म्हणालो, मळ्यातच. झाडाच्या सावलीला.
तिनं पुढं विचारलं नाही. भाकरी मात्र करपली.

३० एप्रिल १९९५
विहिरीजवळच्या आंब्याखाली एक गुळगुळीत दगड दिसला. ओढ्यातला असावा. हळद-कुंकू वाहिलेलं, शेजारी गूळखोबरं.

आधी उलगडलं नाही. मग उलगडलं. मी सावली म्हणालो, तिला आंबा वाटला. मळ्यातली दाट सावली तीच.

घरी सांगायला आलो. ती न्हाऊन, केस मोकळे सोडून दारात बसली होती. खूप दिवसांनी चेहरा जरा निवळ दिसला. गप्प बसलो.

९ नोव्हेंबर १९९६
मुलगी झाली. घोडेगावला, सुमनच्या माहेरी. मी जुन्नर-घोडेगाव गाडीवरच होतो. स्टँडवर मेव्हणा उभा. त्यानं हसून हात केला. आंबेगाव तालुक्यातला तो सगळा रस्ता जाताना-येताना देवाचं नाव घेत होतो. नाव मनीषा ठेवायचं म्हणतात.

सुमननं पहिलं काय विचारावं? "आंब्याखाली कुणी दिवा लावतंय का?"
लावतो म्हणालो. आता लावणं आलं.

१८ मे १९९९
वीज नाही. अंगणात बसलो. तात्या रंगात आले की रस्त्याचं सांगतात. त्यांच्या लहानपणी इथं नुसती गाडीवाट होती. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, आणि दिवाळीनंतर मेंढरांचे कळप घेऊन उतरणारे धनगर. मेंढरं गेली की दिवसभर धूळ खाली बसायची नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी पडली. तात्या आणि आई दोघंही कामावर होते. आई उन्हात बसून खडी फोडायची, हाताला चिंध्या बांधून. नंतर डांबर आलं, मग एसटी आली.

"पयली यष्टी आली तवा तुझी आई नारळ घिऊन उभी व्हती," तात्या म्हणाले. "डायवरला म्हणली, जरा दमानं चालीव, माझी खडी हाय खाली."

सगळे हसलो. सुमनसुद्धा. आई जाऊन इतकी वर्षं झाली.

७ डिसेंबर २००२
बांधावर तीन माणसं दुर्बीण लावून. रस्ता रुंद होणार. राज्य मार्ग आहे, टोमॅटोच्या गाड्या वाढल्यात, द्राक्षांचे टेम्पो, सगळे तिथंच अडकतात. ओढ्यावर उंच पूल होणार. गाव खूश. मीही व्हायला पाहिजे. रोज ह्या खड्ड्यांतून माणसं आदळत नेतो.

चुन्याची रेघ लिंबाच्या आतल्या अंगानं गेलीय. आमच्या बाजूनं. झाडावर लाल रंगाचा पट्टा, तोडायच्या झाडांना मारतात तसा.

१० डिसेंबर २००२
तात्यांना सांगितलं. शंकरनाना गेल्यापासून ते कमीच बोलतात. वाटलं, काही मार्ग काढतील. बराच वेळ काठीनं जमीन उकरत बसले.

"माती झाली त्याची आता," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तुझ्या आईची खडी हाय तिथं. येकलं न्हाई ते."

मी म्हणालो, सुमनला सांगू का?
"तिचं हाय की तिच्यापाशी. ते कशाला काढून घेतू?"

तात्यांना आंब्याखालचं माहीत होतं, हे मला आज कळलं.

२६ जानेवारी २००३
झेंडावंदनाहून आलो. मनीषानं भाषण पाठ केलं होतं, मधेच विसरली, आईकडं बघून पुन्हा सुरू झाली. सुमन तिथंच डोळे पुसत होती.

आज सांगणार होतो. सगळं मनात जुळवलं होतं. पण सांगून काय होणार? जागा दाखवायची आणि लगेच म्हणायचं, इथून रस्ता जाणार. एकदा गेलंय ते दुसऱ्यांदा न्यायचं तिच्याकडून. नाही सांगितलं तर तिला आंबा राहतो. रस्ता आंब्याकडं फिरकत नाही.

पण मग लिंबाखाली जो आहे त्याला आईनं एकदाही

१२ मार्च २००३
लिंब पडला. सकाळच्या फेरीला उभा होता, परतीच्या फेरीला आडवा.

१५ मार्च २००३
एकेरी वाहतूक. लाल फडकेवाल्यानं आमची गाडी नेमकी मळ्यापाशी थांबवली. जेसीबी बांध खात होता. मी खाली उतरलो. प्रवासी मागून कुरकुरत होते.

रचलेले दगड बाकीच्या दगडांबरोबर निघाले. खाली तांबूस माती. अजून खाली मुरूम. मी बघत राहिलो. काहीच दिसलं नाही. काय दिसणार होतं?

फडकेवाला जवळ आला. "भाऊ, काही हरवलंय का?"
नाही म्हणालो.
"मग सरका पावणं, दगड उडतो."

गाडीत चढलो, घंटी दिली. पुढच्या थांब्यावर एकाला उरलेले सुटे द्यायचे राहून गेले. तो पुढं गेल्यावर लक्षात आलं.

घरी सुमन म्हणाली, अंगावर धूळ किती. पाणी तापवून दिलं.

२ जुलै २००४
तात्या गेले. दहावा झाला. शेवटच्या दिवसांत मला शंकरनाना समजून बोलायचे. एकदा म्हणाले, "नाना, दगड नीट रच. कोल्ही उकरत्यात." सुमन उशाशीच होती. मला विचारलं, कसले दगड?
मी म्हणालो, बांधाचे असतील.

आता ती जागा माहीत असलेला मी एकटाच.

१९ ऑगस्ट २००५
पूल झाला. पहिल्याच पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला, पण गाड्या वरून आरामात. लोक पुलावर थांबून पाणी बघतात.

सुमन मनीषाला घेऊन ना.गावला निघाली होती, माझ्याच गाडीत. पुलावर आलो तसं मनीषा खिडकीतून ओरडली, केवढं पाणी! सुमन पाणी न बघता पुढच्या सीटचा दांडा धरून बसली होती. मी तिकीट द्यायला जवळ गेलो. हळूच म्हणाली, "येवढंच पायजे व्हतं तवा. दुसरं कायबी नको व्हतं."

मी तिकीट हातात धरून उभा. मागचे म्हणाले, कंडक्टर, पुढं चला की.

६ नोव्हेंबर २००५
भाऊबीज झाली. सुमन माहेराहून आली ती एक गोष्ट मनात धरून. तिच्या भावाकडं घर बांधायचं चाललंय, थोड्या विटा उरल्यात, तो टेम्पोनं पाठवतोय. आंब्याखाली लहानसा ओटा बांधायचा म्हणते. दगड उघड्यावर पडलाय, जनावरं पाय देतात.

गवंडी लावतो म्हणालो.
नको म्हणाली. "बापानंच बांधावा. गवंड्याला काय ठावं, कोण हाय खाली."

१३ नोव्हेंबर २००५
साप्ताहिक सुट्टी. विटा आल्या. सिमेंट आणलं. मनीषानं वाळू चाळून दिली. सुमननं तो दगड दोन्ही हातांनी उचलला, पुसून पदरात घेतला आणि बाजूला होऊन बसली. मी दोरी लावून चौकोन आखला. पहार उचलली.

तेवढ्यात ती म्हणाली, "अवो, पाया किती खोल घ्यायाचा? बेतानं. त्याला लागंल."

मनीषा माझ्याकडं बघत होती. सुमनही. सांगायचं तर हीच वेळ होती, आणि न सांगायचं तर पहार घालायची होती.

दोन्ही झालं नाही. म्हणालो, ऊन चढलंय, उतरल्यावर बघू. सुमन "बरं" म्हणाली. उठली मात्र नाही. दगड पदरात घेऊन तशीच आंब्याखाली बसलीय. मी घरात येऊन हे लिहितोय. उंबऱ्यातून दिसतेय ती इथून.

ऊन उतरत आलंय.